चित्रात दिसतं तेवढंच

बावीस मुलं, चौदा पुस्तकं,
आणि पान एकतीसवर एक इंग्रज कुटुंब
गेली अकरा वर्षं चहा पितंय.
आई, बाबा, मुलगी, मुलगा, गवतावर चटई,
एक कुत्रा, आणि हवेत एक चेंडू
जो अजून कुणाच्याच हातात आलेला नाही.

नारिनमध्ये फेब्रुवारी. काचेला आतून बर्फ.
शेगडीत कोळसा टाकायची पाळी आज तोलोगोनची,
म्हणून त्याची वही काळी, नाकही.

मी फळ्यावर लिहिते : देअर इज.
उलुकमान विचारतो, "देअर म्हणजे तिथे ना, एजेके?
मग तिथे म्हणजे कुठे?"
आणि दोन बाक ओलांडून
पुस्तकातल्या कुत्र्यावर बोट ठेवून येतो,
खात्रीसाठी.
आमच्या किरगीझमध्ये आधी वस्तू येते,
तिचं असणं मागाहून, वाक्याच्या शेपटाला.
इंग्रजीत आधी जागा झाडून घ्यायची,
मग तिथे कुत्रा बसवायचा.

आणि तो 'अ'.
मिठाच्या खड्याएवढा शब्द.
कुणी विसरतं, कुणी मूठभर टाकतं :
अ डॉग, अ ग्रास, अ अकमारल.
"आकाशाला 'अ' का नाही, एजेके? एकच तर आहे."
तेवढ्यात घंटा होते.
घंटा नेहमी माझ्या बाजूची.

नियम भिंतीवर आहेत, जिल्ह्याहून आलेले :
वाक्यं पाच. रंग निदान एक.
चित्रात दिसतं तेवढंच लिहावं, मनाचं घालू नये.
हे समजवायला नोव्हेंबरात निरीक्षक आले होते.
त्यांना मी प्याला काठोकाठ भरून दिला.
त्यांनी तो संपवला, पुढे केला,
म्हणाले, आणखी.

रात्री वह्या.
देअर इज अ मदर. शी इज हॅपी.
देअर इज अ बॉल. इट इज रेड.
एकवीस वह्यांत तोच चेंडू, तितकाच लाल,
एकवीस वेळा आई आनंदी,
कारण आनंदीचं स्पेलिंग सोपं.

मग झिपारकुल.
ती वर्गात बोलत नाही,
मागच्या बाकावर मोज्याची लोकर उसवत बसते.

देअर आर फोर पीपल.
देअर आर फाइव्ह कप्स.
वन कप इज फुल.
द गेस्ट इज गोइंग

चार वाक्यं. रंग नाही.
चित्रात पाहुणा तर मुळीच नाही.
लाल पेन उचललं, आणि पुस्तक उघडलं,
पुरावा हाताशी असावा म्हणून.

अकरा वर्षांत मी कप मोजले नव्हते.
चार अर्धेमुर्धे.
पाचवा चटईच्या कडेला, काठोकाठ.

आमच्याकडे चहा घोटभर ओततात,
म्हणजे पुन्हा ओतता येतो,
प्याला हातातून हातात फिरत राहतो, गोष्टीही.
भरून दिला की समजायचं :
घोड्याला दाणा घातलाय,
उजेड आहे तोवर निघा.

चित्रकाराला हे ठाऊक असणं शक्य नाही.
तपकिरी रंग हातून जरा जास्त पडला असेल, एवढंच.
पण पोरीनं मनाचं काही घातलेलं नाही.
कप दिसतो. भरलेला दिसतो.
मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं :
चटईपासून पानाच्या कडेपर्यंत
गवत थोडं दबलेलं,
किंवा शाई पुसटलेली.

शेवटच्या वाक्याला तिनं पूर्णविराम दिला नव्हता.
मी पेनाचं टोक टेकवत आणलं,
आणि उचललं.
बर्फाचे दिवस. जाऊ दे त्याला सावकाश.

रंग नाही म्हणून एक गुण मात्र कापला.
तेवढं भिंतीवर लिहिलेलं आहे.